प्रातिनिधिक छायाचित्र

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या चळवळीतली सात-आठ मुलंमुली काजवे पाहायला भंडारदऱ्याला गेली होती. मीही सोबत होतो. शेंडीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडेला एका महादेव कोळी कुटुंबाने तंबू लावले आहेत, तिथे आम्ही उतरलो. रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर संगमनेरहून आलेल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "भाई, हे खरं आहे का बघा." स्क्रीनवर एक माणूस सांगत होता : फोटो एकदाच चढवायचे, मग आयुष्यभर झोपेतही डॉलर येत राहतात. त्याचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स होता, फी नऊ हजार रुपये. मुलाने ती भरून टाकली होती. अब्बांचं बांगड्यांचं लहानसं दुकान आहे, त्या गल्ल्यातून उसने घेऊन.

मी सात वर्षांपासून ऑनलाइन एजन्सींवर फोटो विकतो, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी त्याला उत्तर दिलं, पण अर्धंच. पैशांचं सांगितलं. उरलेल्या अर्ध्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून ते तंबूपुढे सगळ्यांसमोर सांगायचं टाळलं. या संपादकीयात दोन्ही सांगतो.

आधी हिशेब

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. फोटो सुट्टीच्या दिवसांतले. सात वर्षांत तीन एजन्सींवर मिळून ६४० फोटो चढवले. आजवर बँकेत आले सुमारे ५६ हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेसहाशे-सातशे. कॅमेरा आणि दोन लेन्सवर ७८ हजार गेले. पेट्रोल, मुक्काम, एडिटिंगसाठी जागवलेल्या रात्री यांचा हिशेब धरलेलाच नाही. ६४० पैकी चारशेहून जास्त फोटो एकदाही विकले गेले नाहीत. निम्म्याहून जास्त पैसे फक्त २३ फोटोंनी दिले.

माझे फोटो फार थोर नाहीत, हे कबूल. पण थोर असते तरी हिशेब फार बदलला नसता, कारण बाजाराची रचनाच तशी आहे. ती समजून घ्या, म्हणजे कोर्सवाल्याला काय विचारायचं ते कळेल.

इंटरनेट येण्याआधी एखाद्या जाहिरात कंपनीला धरणाचा फोटो हवा असला, तर ती मुंबईत डिनोडियासारख्या संस्थेकडे जायची. तिथे हजारो स्लाइड जपून ठेवलेल्या असत. एका वापराची एक किंमत ठरायची आणि या धंद्यात साधारण निम्मा वाटा छायाचित्रकाराला देण्याचा रिवाज होता. २००० साली कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. हौशी मंडळी तिथे आधी एकमेकांना फुकट फोटो देत, पुढे त्यांना नाममात्र किंमत लागली. २००३ मध्ये जॉन ओरिंगर यांनी अमेरिकेत शटरस्टॉक काढलं आणि वर्गणीची पद्धत रूढ केली : महिन्याचे ठरावीक पैसे भरा, ठरावीक संख्येने फोटो उतरवून घ्या. २००६ मध्ये गेटी इमेजेसने आयस्टॉकफोटो पाच कोटी डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी दिल्लीत संदीप माहेश्वरी यांनी भारतीय चेहऱ्यांच्या फोटोंसाठी इमेजेसबाजार सुरू केलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक या दोन मोठ्या कंपन्यांनी आपलं विलीनीकरण जाहीर केलं.

या सगळ्यात किंमत खाली येत गेली आणि वाटाही. १ जून २०२० पासून शटरस्टॉकने नवी रचना आणली. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत छायाचित्रकाराला १५ टक्के, मग पायरी-पायरीने चढत २५ हजारांच्या पुढे ४० टक्के. १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडची कमीत कमी रक्कम १० सेंट. त्याआधी वर्गणीतल्या एका डाउनलोडला २५ ते ३८ सेंट मिळत. त्या महिन्यात जगभरच्या अनेक छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपले फोटो विक्रीतून काढून घेतले. रचना बदलली नाही. ॲडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं. आयस्टॉकवर, तुम्ही फक्त त्यांच्याशीच बांधलेले नसाल, तर फोटोला १५ टक्के.

दहा सेंट म्हणजे जेमतेम नऊ रुपये. शेंडीच्या टपरीवर तेवढ्यात चहाही मिळेल याची खात्री नाही. आमच्या तंबूचं एका रात्रीचं एका माणसाचं भाडं बाराशे होतं. ते भरून काढायला या दराने एकशे तेहतीस-चौतीस डाउनलोड लागतात.

आता भंडारदऱ्याचंच उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातलं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे ठिकाण म्हणजे फोटोवाल्यांची पंढरी. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याच्यामागचा आर्थर लेक, धरणातून पाणी सोडलं की छत्रीसारखा उघडणारा अम्ब्रेला धबधबा, खाली रंधा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदजवळची सांदण दरी, आणि वर १,६४६ मीटरचं कळसूबाई. सगळं सुंदर आहे, आणि विकणाऱ्याची अडचणही तीच. जो येतो तो त्याच दगडावर उभा राहून तोच सूर्यास्त टिपतो. एजन्सीवर भंडारदरा शब्द टाकला की पानांमागून पानं तेच पाणी आणि तेच आभाळ. माझे इथले १४० फोटो आहेत. सात वर्षांत त्यांनी मिळून दिले तीन हजार नऊशे रुपये.

काजव्यांचं तर विचारूच नका. झाड पेटल्यासारखं दिसणारा तो फोटो एका क्षणाचा नसतो. तिवईवर कॅमेरा ठेवून वीस-तीस सेकंदांच्या कित्येक फ्रेम घ्यायच्या आणि घरी जाऊन एकावर एक रचायच्या, तेव्हा तो तयार होतो. काजव्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. फ्लॅश, गाडीचे दिवे, टॉर्च यांनी त्यात अडथळा येतो. नऊ रुपयांच्या फोटोसाठी तो अडथळा आणायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही त्या रात्री दिवे बंद ठेवले आणि फोटो फारसे काढलेच नाहीत.

मग माझे विकले गेलेले ते २३ फोटो कोणते? त्यात एकही धबधबा नाही. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा टेकवणारा हात आहे. चहाच्या टपरीवर काचेच्या बरणीला चिकटवलेला क्यूआर कोड आहे. एसटी स्टँडवर पावसात उभ्या कॉलेजच्या मुली आहेत. आणि ओढणी डोक्यावर घेऊन लॅपटॉपवर अभ्यास करणारी माझी धाकटी बहीण आहे. तोच फोटो सर्वांत जास्त विकला गेला. आता त्याच्याबद्दल सांगतो.

बावीस रुपये

२०१९ मध्ये बहीण बी. फार्मसीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. खिडकीतून चांगला उजेड येत होता. मी दहा-बारा फोटो काढले. ओळखता येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. तिला मॉडेल रिलीज म्हणतात. इंग्रजी छापील कागद मी तिच्यापुढे ठेवला. तिने विचारलं, "भाईजान, यात काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही गं, फॉर्मॅलिटी आहे." तिने सही केली. साक्षीदार म्हणून अम्मींनी केली.

फोटो चढवताना शीर्षक आणि तीस-चाळीस कीवर्ड द्यावे लागतात. ग्राहक त्याच शब्दांनी शोधतो. शब्द सुचवणारी आयती साधनं असतात. सारखे दिसणारे, चांगले खपलेले फोटो शोधून ती त्यांचे शब्द पुढे करतात. मी बटण दाबलं. विद्यार्थिनी, अभ्यास, घर, लॅपटॉप हे शब्द आले. त्यांच्यामागोमाग मुस्लिम, हिजाब, परंपरा आले. आणि यादीच्या शेवटी कट्टर, बंधन, दडपण, दुःख असेही शब्द आले. मी ते वाचले. खोडले नाहीत. जितके शब्द जास्त तितके ग्राहक जास्त, एवढंच डोक्यात होतं.

तीन वर्षांनी मामेभावाने एका बातमीची लिंक पाठवली. एका न्यूज पोर्टलवर तलाकच्या एका प्रकरणाची बातमी होती, आणि वर माझ्या बहिणीचा चेहरा. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : प्रातिनिधिक छायाचित्र.

ती तेव्हा एका औषध दुकानात नोकरी करत होती. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. ती लिंक दोन दिवसांत नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरली. अम्मी कोणाकोणाला फोन करून सांगत होत्या की असं काही झालेलं नाही, मुलीचं अजून लग्नच झालेलं नाही. मी पोर्टलला लिहिलं, एजन्सीला लिहिलं. कोणत्याही नामांकित एजन्सीच्या परवान्यात अट असते की फोटोतल्या व्यक्तीला बदनाम करणाऱ्या किंवा नाजूक संदर्भात फोटो वापरू नये, निदान ती मॉडेल आहे हे स्पष्ट लिहावं. पोर्टलचं म्हणणं, प्रातिनिधिक असं लिहिलं आहे की. काही दिवसांनी फोटो बदलला गेला. तोवर ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता.

बहिणीने मला एकच प्रश्न विचारला, "तुला याचे किती मिळाले?" मी खातं उघडून पाहिलं. त्या डाउनलोडचे अठ्ठावीस सेंट. तेव्हाच्या दराने बावीस रुपये.

पोर्टलवर राग काढणं सोपं आहे, आणि मी काढलाही. पण त्या उपसंपादकाने शोधताना जे शब्द टाकले असतील ते शब्द त्या फोटोला मीच लावले होते. दुःख आणि दडपण हे शब्द बहिणीच्या चेहऱ्यावर नव्हते, तिच्या त्या दिवसात नव्हते. ते माझ्या यादीत होते.

प्रतिनिधी कोणी नेमला?

मराठी वृत्तपत्रांत आणि पोर्टलवर "प्रातिनिधिक छायाचित्र" हे शब्द आपण रोज वाचतो. आपला समाज त्यात कसा दिसतो ते आठवून पाहा. बातमी शिष्यवृत्तीची असो, पोटगीची असो, लोकसंख्येची असो की निवडणुकीची, फोटो दोनच. पाठमोऱ्या बुरख्यातल्या बायका, नाहीतर नमाजात वाकलेल्या रांगा. सणाच्या दिवशी तिसरा येतो : टोपीवाला आणि टिळेवाला हात मिळवताना. पहिल्या दोघांत आपण गर्दी आहोत, तिसऱ्यात आपण संदेश आहोत. माणूस म्हणून कोणीच नाही.

नमाज आपली आहे, बुरखा घालणाऱ्या बहिणीही आपल्याच आहेत. त्यांचे फोटो असायला हरकत नाही. हरकत याला आहे की बाकी काहीच नाही. मालेगावात यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कामगार, रत्नागिरीकडे होडी ओढणारा दालदी, बाजार समितीत पहाटे लिलाव पुकारणारा बागवान, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई, गादी भरणारा पिंजारी, तलाठी कार्यालयात सात-बारा काढायला उभा राहिलेला मुलाणी शेतकरी, रात्रपाळीची नर्स. महाराष्ट्रातले मुसलमान हेच करत जगतात. पण डेस्कवर रात्री अकरा वाजता दोन मिनिटांत फोटो शोधणाऱ्या उपसंपादकाला हे सापडत नाहीत. सापडले तरी खाली दुसरंच काही लिहिलेलं असतं. त्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. त्याच्यापुढे जे येतं तेच तो उचलतो.

सॉफ्टवेअरवाला म्हणून पुढचं सांगणं मला भाग आहे. शोधयंत्र जास्त खपलेला फोटो वर आणतं. वर आलेला फोटो आणखी खपतो. नवा विक्रेता त्या खपलेल्या फोटोचे शब्द उचलतो, जसे मी उचलले. असं करत एक चेहरा आणि एक शब्द यांची गाठ पक्की होते.

आता त्यात चित्र बनवणारी यंत्रं आली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये शटरस्टॉक आणि ओपनएआय यांनी भागीदारी जाहीर केली, आणि शटरस्टॉककडची चित्रं व त्यांची वर्णनं २०२१ पासूनच यंत्राला शिकवायला वापरली गेल्याचं त्या वेळी सांगण्यात आलं. ॲडोबीने मार्च २०२३ मध्ये आणलेलं फायरफ्लाय ॲडोबी स्टॉकमधल्या चित्रांवर शिकलं आहे. दोन्ही कंपन्यांनी छायाचित्रकारांना त्याचा काही मोबदला दिला. पण फोटोतल्या माणसाला कोणी विचारलं नाही. यंत्राला मुस्लिम हा शब्द कळत नाही. त्या शब्दासोबत पुन्हा पुन्हा कोणती चित्रं आली तेवढंच ते मोजतं. माझ्या यादीतले चुकीचे शब्दही त्यात गेले असतील.

यंत्राने बनवलेली चित्रं विकायलाही येतात. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्ये ती घेणं बंद केलं, ॲडोबी स्टॉकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती खूण करून विकायला परवानगी दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या युद्धाची अशी बनावट चित्रं ॲडोबी स्टॉकवर विकली जात असल्याचं उघड झालं, आणि काही संकेतस्थळांनी ती बनावट असल्याचं न सांगता वापरलीही. खऱ्या मुलांचे खरे मृत्यू होत असताना बनावट मुलांची चित्रं विकली जात होती. म्हणून फोटोखालच्या ओळीचा प्रश्न मला माझ्या घरापुरता वाटत नाही.

तीच चूक आपल्या हातून

भंडारदऱ्याच्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. पहाटे डोक्यावर फाट्यांचा भारा घेऊन एक आजी वरून उतरत होती. आमच्यातल्या दोघांनी धावत जाऊन तिला थांबवलं. "आजी, जरा थांबा ना, भारा तसाच धरा." ती थांबली. एकाने पन्नासची नोट काढून दिली. आजीने ती घेतली नाही, "कशाला रे?" एवढंच म्हणाली आणि गेली. चहा पिताना मी त्या मुलाला विचारलं, खाली काय लिहिणार? त्याने मोबाइलवर आधीच लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत, अर्थ असा : गरीब आदिवासी वृद्धा, भारत.

थोड्या वेळाने तीच आजी तंबूंकडे आली आणि रात्रीच्या भांड्यांचा हिशेब विचारू लागली. आम्ही ज्याच्या तंबूत उतरलो होतो त्याची ती आई. भाताची खाचरं तिची, तंबूंची जागाही तिची. बाराशे रुपये आम्ही तिच्या घराला दिले होते. आणि आम्ही तिला पन्नास रुपयांत गरीब करून विकायला निघालो होतो.

त्या मुलाने ओळ खोडली. मग स्वतःच जाऊन आजीला विचारलं की फोटो ठेवू का, आणि खाली काय लिहू. तिने गावाचं नाव सांगितलं, आणि पावसाळ्याआधी फाटी भरून ठेवावी लागतात म्हणून आणते असं लिही, म्हणाली. विकू का विचारल्यावर नको म्हणाली. तो फोटो विकायला गेला नाही.

आपल्यावर लादलेल्या चित्राबद्दल आपण तक्रार करतो, ती योग्य आहे. पण कॅमेरा आपल्या हातात आला की आपणही समोरच्याला तसंच एका शब्दात बसवतो. ही सवय मोडल्याशिवाय आपल्या तक्रारीला वजन येणार नाही.

मग करायचं काय?

मी फोटो विकणं सोडलं नाही, आणि तुम्हीही करू नका असं सांगणार नाही. पण काही गोष्टी डोळे उघडे ठेवून करा.

पहिली, कोर्सला पैसे देऊ नका. एजन्सीवर खातं उघडणं आणि फोटो चढवणं फुकट आहे. नियम त्यांच्या मदतपानांवर लिहिलेले आहेत. "दरमहा किती कमावता" हे शिकवणाऱ्याला विचारा, आणि त्यातले फोटो विकून किती आणि कोर्स विकून किती, हेही. आपल्या त्या मुलाने विचारलं. उत्तर आलं नाही, फीही परत मिळाली नाही.

दुसरी, याला पगार समजू नका. नोकरी, धंदा, शिक्षण सोडून यात उतरू नका. मोबाइलचं बिल निघालं तर चांगलं. पैसे हाती यायलाही वेळ लागतो. ॲडोबी स्टॉकवर निदान २५ डॉलर साठल्याशिवाय काढता येत नाहीत. अमेरिकन एजन्सीवर कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. आलेली रक्कम इथल्या विवरणपत्रात दाखवा. कमाई हलाल असावी असं आपण म्हणतो, त्यात हिशेब स्वच्छ असणंही येतं.

तिसरी, संमतीचा कागद मराठीत समजावून सांगा. एकदा दिलेली सही सहसा मागे घेता येत नाही, फोटो कुठे छापला जाईल ते आपल्या हातात राहत नाही, आणि त्यावरून यंत्रही शिकू शकतं, हे तिन्ही मुद्दे सहीआधी सांगा. अठरा वर्षांखालच्यासाठी आईवडिलांची सही लागते. कुराणातल्या सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं आणि ज्याच्यावर देणं येतं त्याच्या तोंडून मजकूर यावा, असंही त्यात आहे. संमतीच्या कागदाने बोजा फोटोतल्या माणसावर येतो. तेव्हा मजकूर त्याच्या तोंडून यायला हवा. नाही म्हटलं तर विषय संपला.

चौथी, पैसे वाटून घ्या. ज्याचा चेहरा आहे त्याला निम्मे. रक्कम लहान असते म्हणून देण्यात काय अडचण? मी आता वर्षातून एकदा यादी करून देतो. रेशन दुकानातल्या त्या हाताच्या मालकाला गेल्या वर्षी ३४० रुपये दिले.

पाचवी, कीवर्ड स्वतः लिहा. सुचवलेली यादी तशीच उचलू नका. धर्म तेव्हाच लिहा जेव्हा फोटोत त्याचं काही काम आहे. अभ्यास करणारी मुलगी आधी विद्यार्थिनी आहे. बहिणीने त्या प्रकरणानंतर फोटो काढून टाकायला सांगितलं नाही. तिने माझ्याकडून लॅपटॉप घेतला आणि चाळीस शब्दांपैकी एकवीस खोडले. शीर्षकात "घरी परीक्षेचा अभ्यास करणारी फार्मसीची विद्यार्थिनी" असं लिहिलं. मुस्लिम हा शब्द तिने ठेवला. मी विचारलं का, तर म्हणाली, "मी आहे ना. फक्त तेवढीच नाही." त्यानंतर तो फोटो कमी विकला जातो.

सहावी, सगळेच फोटो विकायला काढू नका. विकिमीडिया कॉमन्सवर मोफत परवान्याने फोटो ठेवता येतात. नाव आपलं राहतं, पैसे मिळत नाहीत. पण छोट्या मराठी दैनिकाकडे एजन्सीची वर्गणी नसते. शाळेचं पुस्तक करणाऱ्यालाही फुकट आणि कायदेशीर फोटो हवा असतो. ज्या फोटोतून मला नऊ रुपये मिळणार, तो तिथे ठेवून शंभर जणांनी वापरला तर आपलं नुकसान काय झालं? अर्थात तिथेही फोटोतल्या माणसाची संमती हवीच.

शेवटी आमच्याबद्दल. हे लिहायला बसण्याआधी मी आपल्याच मासिकाचे जुने अंक चाळले. स्त्रियांच्या हक्कांवरच्या चार लेखांना आम्ही पाठमोऱ्या बुरख्याचे विकत घेतलेले फोटो लावले होते. निवड आम्हीच केली होती, घाईत, शोधात पहिल्या ओळीत आले म्हणून. त्या बायका कोण, कुठल्या देशातल्या, आम्हाला ठाऊक नाही. चारही फोटो आम्ही काढले आहेत, आणि तिथे का काढले याची ओळ ठेवली आहे.

पुढच्या अंकापासून लेखांसोबत वाचकांनी काढलेले फोटोच छापू. प्रत्येकाने आपल्या गल्लीतले, घरातले, कामाच्या जागेवरचे दहा फोटो पाठवावेत, अशी विनंती आहे. सोबत तीन गोष्टी लिहा : फोटोत कोण आहे, ती व्यक्ती काय करते आहे, आणि फोटोखाली काय लिहावं असं त्या व्यक्तीने स्वतः सांगितलं. छापलेल्या फोटोला दोनशे रुपये देऊ, शंभर काढणाऱ्याला आणि शंभर फोटोतल्या माणसाला. आमच्याकडे फार पैसे नाहीत. तरी एजन्सीच्या दरापेक्षा हे बरेच जास्त आहेत.

संगमनेरच्या त्या मुलाने पहिला फोटो पाठवलाही आहे. बांगड्यांच्या दुकानात त्याचे अब्बा एका गिऱ्हाइकाच्या हातात चुडा भरताना. खाली अब्बांनी सांगितलेली ओळ आहे : "लग्नसराईत गर्दी असते, आता मंदी आहे."